कोडिंग न येणाऱ्याने आपल्या वेबसाइटच्या कोडला हात लावावा का?

एका संस्थेची वर्डप्रेसवरची, म्हणजे वेबसाइट बनवण्याच्या एका तयार सॉफ्टवेअरवरची, वेबसाइट तुम्ही सांभाळता, कोडिंग शिकलेला नाहीत आणि तुम्हाला तीन बदल करायचे आहेत. पानाच्या तळाशी येणारी थीम (साइटला रूप देणारा तयार साचा) बनवणाऱ्याची ओळ काढून तिथे संस्थेचे नाव घालायचे आहे, प्रत्येक लेखाखाली दिसणारे लेखकाचे नाव काढायचे आहे आणि सभासद नोंदणीच्या अर्जात कागदपत्राची प्रत जोडण्याची सोय करायची आहे. तिन्हींसाठी कोडचे तयार तुकडे तुम्हाला सापडले आहेत आणि ‘फंक्शन्स फाइलच्या (थीममधल्या एका कोडच्या फाइलच्या) शेवटी चिकटवा’ एवढीच सूचना त्यांच्यासोबत आहे. ते चिकटवावेत की जाणकाराला पैसे देऊन काम करून घ्यावे, असा तुमचा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे आहे की पहिले दोन बदल तुम्ही स्वतः करावेत आणि तिसऱ्याला हात लावू नये. परंतु या उत्तरापेक्षा त्यामागचे कारण तुमच्या अधिक उपयोगाचे आहे, कारण आज तीन बदल आहेत, पुढच्या वर्षी आणखी पाच असतील. बहुतेक जण हा निर्णय ‘बदल सोपा आहे की अवघड’ यावरून घेतात. लोकांच्या वेबसाइट बांधण्याचे आणि बिघडल्या की दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि माझ्या अनुभवात हे माप फसवे ठरले आहे. एका शब्दाच्या बदलाने पुढे मोठे नुकसान झालेले मी पाहिले आहे आणि पन्नास ओळींचा बदल कोडिंग न येणाऱ्या माणसाने नीट निभावलेलाही पाहिला आहे. म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो: या बदलात चूक झाली तर ती मला दिसेल का, आणि दिसली तर कधी दिसेल?

काही चुका तत्काळ दिसतात. पीएचपी या भाषेत, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेले आहे तिच्यात, प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम लागतो. तो एक अर्धविराम राहिला, महिरपी कंस उघडला आणि बंद झाला नाही, किंवा कोड एखाद्या लेखातून उचलताना सरळ अवतरणचिन्हांच्या जागी छापील पुस्तकातली वाकडी अवतरणचिन्हे आली, की बहुधा फाइल चालतच नाही आणि साइट पांढऱ्या पानावर किंवा बिघाडाच्या संदेशावर येऊन थांबते. कोडिंग न येणाऱ्यांना सर्वाधिक भीती याच प्रसंगाची वाटते. माझ्या मते ही सर्वांत कमी धोक्याची चूक आहे, कारण ती लपून राहत नाही. बिघाडाच्या सविस्तर संदेशात, जो पडद्यावर नसला तर प्रशासकाला आलेल्या ईमेलमध्ये किंवा सर्व्हरच्या बिघाड-नोंदींत सापडतो, फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि हा संदेश वाचता येणे ही कोडिंग येण्यापेक्षा पुष्कळ सोपी गोष्ट आहे. एक खूण मात्र लक्षात ठेवावी. अर्धविराम विसरला असेल तर पीएचपी बहुधा पुढच्या ओळीचा क्रमांक सांगते, कारण तिथे पोहोचल्यावरच काहीतरी चुकल्याचे तिच्या लक्षात येते. म्हणून सांगितलेल्या ओळीत काही सापडले नाही, तर तिच्या वरची ओळ पाहावी.

वर्डप्रेसनेही या बाबतीत नवख्यांसाठी बरीच काळजी घेतली आहे. २०१७ च्या ४.९ या आवृत्तीपासून डॅशबोर्डमधल्या, म्हणजे लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या व्यवस्थापनाच्या पानांमधल्या, फाइल संपादकात साइट कोसळवणारा बदल केला, तर तो तपासून मागे घेतला जातो. २०१९ च्या ५.२ पासून असा बिघाड झाल्यावर प्रशासकाच्या ईमेलवर एक खास दुवा येतो आणि त्यावरून आत शिरून बिघडलेले प्लगइन (साइटला जादा सोय देणारा जोड-कोड) किंवा थीम बाजूला करता येते. संस्थांच्या साइटवर हा ईमेल पत्ता पुष्कळदा कधीच सोडून गेलेल्या कार्यकर्त्याचा असतो, त्यामुळे तो दुवा कोणाला मिळतच नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन तो पत्ता आजच पाहून घ्यावा.

तरीही डॅशबोर्डवर सर्व भिस्त ठेवू नये. होस्टिंगच्या, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या सेवेच्या, नियंत्रण पटलात फाइल मॅनेजर असतो. त्यात प्लगइन्सच्या फोल्डरचे नाव बदलले की सारी प्लगइन्स आपोआप निष्क्रिय होतात, ही युक्ती तुम्हाला माहीत असली पाहिजे आणि काही बिघडलेले नसताना एकदा तरी, साइटच्या तालमीच्या प्रतीवर (प्रयोगासाठी वेगळ्या ठेवलेल्या नकलेवर), करून पाहिलेली असली पाहिजे. बॅकअपचेही तसेच आहे. ‘बॅकअप आहे’ असे मला सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो कधी परत बसवून पाहिलेला असतो. वर्डप्रेसची साइट दोन ठिकाणी वसलेली असते: थीम, प्लगइन्स आणि चित्रे फाइलींमध्ये असतात, तर लेख, पाने आणि सेटिंग्ज डेटाबेसमध्ये असतात. केवळ फाइली उतरवून घेतल्या तर लेखांचा बॅकअप झालेला नसतो, आणि सगळे काही त्याच सर्व्हरवर ठेवले तर सर्व्हर गेला की बॅकअपही जातो.

आता दुसऱ्या प्रकारच्या चुका पाहू, ज्या आज दिसत नाहीत आणि सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी दिसतात. खरे नुकसान इथे होते, म्हणून मी यावर थोडा अधिक वेळ घेतो. थीमच्या मूळ फाइलमध्ये जाऊन तळाची ओळ बदलली तर ती लगेच बदलते, मनासारखी दिसते आणि काम झाले असे वाटते. पुढे थीमची नवी आवृत्ती येते, तुम्ही अपडेटचे बटण दाबता आणि त्या थीमच्या फाइली पूर्णपणे नव्या फाइलींनी बदलल्या जातात. तुमची ओळ त्यात नाहीशी होते. वर्डप्रेसच्या गाभ्यातल्या, म्हणजे खुद्द वर्डप्रेसच्या, फाइली बदलल्या असतील तर बटण दाबण्याचीही गरज उरत नाही, कारण २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून छोटी अपडेट्स आपोआप बसतात.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी आपल्या व्यवसायाच्या साइटवर दोन वर्षे असे बदल केले होते. मथळ्याची उंची, तळाचा पत्ता, लेखांच्या यादीतला चित्रांचा आकार असे चाळीसेक बदल थीमच्या मूळ फाइलींत झाले होते आणि त्यांची नोंद कुठेही नव्हती. एका अपडेटमध्ये सारे गेले. त्यांनी पंधरा दिवस बसून आठवेल तेवढे पुन्हा केले, आणि त्यानंतर त्यांनी जे केले ते मला आजही सर्वांत महत्त्वाचे वाटते: त्यांनी अपडेट करणेच सोडून दिले. पुन्हा सगळे जाईल या भीतीने तीन वर्षे थीमही नाही, प्लगइनही नाही आणि वर्डप्रेसही नाही. शेवटी साइटवर परक्या जाहिरातींची पाने उमटू लागली तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. त्यांच्या हातून कोडमध्ये एकही चूक झालेली नव्हती. प्रत्येक बदल बरोबर होता, फक्त चुकीच्या जागी होता, आणि त्या जागेमुळे पुढे अपडेटची वाट बंद झाली.

अपडेट लांबवण्याची किंमत किती असू शकते, हे ड्रुपल हे वर्डप्रेससारखेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना २०१४ मध्ये कळले. १५ ऑक्टोबरला ड्रुपल ७ मधली एक गंभीर त्रुटी दुरुस्तीसह जाहीर झाली, आणि पुढे ड्रुपलच्या सुरक्षा गटाने असे सांगितले की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही, त्यांनी आपली साइट घुसखोरांच्या हाती गेली आहे असेच धरून चालावे. ज्याने गाभ्याच्या फाइलींत आपले बदल मिसळून ठेवले आहेत, त्याला सात तासांत काय करता येणार? त्याआधी २०११ मध्ये टिमथंब नावाच्या, चित्रे लहान-मोठी करणाऱ्या एका छोट्या फाइलमध्ये त्रुटी निघाली होती. ही फाइल कित्येक थीमच्या पोटात नकलून ठेवलेली होती आणि आपल्या थीममध्ये ती आहे हे अनेक साइटधारकांना ठाऊकच नव्हते. नकलून आणलेला कोड स्वतःहून सुधारत नाही, हे त्या प्रसंगाने स्पष्ट केले. तुम्हाला सापडलेले तीन तुकडेही नकलून आणलेला कोडच आहेत.

म्हणून जागा निवडण्याचा क्रम मी असा ठेवतो. आधी थीमच्या आणि प्लगइनच्या सेटिंग्ज पूर्ण पाहाव्यात, कारण लोक ज्यासाठी कोड शोधत असतात ती गोष्ट निम्म्या वेळा तिथे असते. केवळ रंग, आकार किंवा अंतर बदलायचे असेल तर अ‍ॅडिशनल सीएसएस या चौकटीत लिहावे (सीएसएस म्हणजे पान कसे दिसावे हे सांगणारे नियम). २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून ती वर्डप्रेसमध्येच आहे, तिथला मजकूर डेटाबेसमध्ये राहतो आणि थीमच्या अपडेटने पुसला जात नाही. शिवाय सीएसएसमध्ये चुकले तर ब्राउझर न समजलेला नियम सोडून देतो आणि पुढे जातो, त्यामुळे साइट बंद पडत नाही. त्याहून पुढचे काही करायचे असेल तर चाइल्ड थीम करावी. चाइल्ड थीम म्हणजे मूळ थीमवर अंथरलेला वेगळा थर. तुमचे बदल त्या थरात राहतात आणि खालची थीम खुशाल अपडेट होते. येथेही एक सावधगिरी लागते. मूळ थीममधली एखादी संपूर्ण फाइल चाइल्ड थीममध्ये उतरवून घेतली, तर त्या फाइलमध्ये पुढे होणाऱ्या सुधारणा तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून शक्य असेल तिथे फाइल उतरवण्याऐवजी हुक वापरणारा तुकडा निवडावा, म्हणजे वर्डप्रेसने आपल्यासाठी मुद्दाम सोडलेल्या जागी आपले काम अडकवणारा.

उशिरा दिसणाऱ्या चुकांचा आणखी एक स्रोत म्हणजे कोडचे वय. तुम्हाला मिळालेल्या तुकड्यांवर तारीख आहे का, ते पाहावे. जुन्या लेखांत ‘क्रिएट फंक्शन’ नावाचे फंक्शन सर्रास वापरलेले दिसते. पीएचपी ७.२ मध्ये ते कालबाह्य ठरवले गेले आणि २०२० मध्ये आलेल्या ८.० मधून काढूनच टाकले गेले. असा तुकडा जुन्या सर्व्हरवर निर्धास्त चालतो, आणि एके दिवशी होस्टिंगवाले पीएचपीची आवृत्ती वाढवतात तेव्हा तुम्ही काहीही केलेले नसताना साइट कोसळते. चिकटवलेल्या प्रत्येक तुकड्याच्या वर दोन तिरक्या रेघा देऊन तो कशासाठी आहे, कुठून घेतला आणि केव्हा टाकला हे लिहून ठेवावे. ही टीप मराठीत लिहिली तरी चालते. दोन वर्षांनी ती वाचणारा माणूस बहुधा तुम्ही स्वतःच असाल आणि तोपर्यंत तुम्हाला काहीही आठवत नसेल.

डेटाबेसमध्ये थेट हात घालण्याचा मोह मात्र टाळावा. एक उदाहरण देतो. साइट सुरक्षित पत्त्यावर नेताना लोक डेटाबेसची फाइल उतरवून घेतात, साध्या संपादकात उघडतात आणि ‘एचटीटीपी’ च्या जागी ‘एचटीटीपीएस’ असे सगळीकडे बदलून परत चढवतात. वर्डप्रेस काही सेटिंग्ज साठवताना मजकुरासोबत त्याची लांबीही लिहून ठेवते, म्हणजे ‘अठरा अक्षरे’ आणि पुढे तो अठरा अक्षरांचा पत्ता. एक अक्षर वाढून पत्ता एकोणीस अक्षरांचा झाला, पण लिहिलेला आकडा अठराच राहिला, की ती सेटिंग वाचता येत नाही. लेख दिसतात, पाने दिसतात, त्यामुळे काम झाले असे वाटते, आणि बाजूच्या पट्टीतली विजेट्स, म्हणजे तिथले छोटे चौकोन, गायब असल्याचे चार दिवसांनी कोणीतरी सांगते. हे काम लांबीचा आकडाही सुधारणाऱ्या साधनानेच करावे लागते.

तिसऱ्या प्रकारच्या चुका तुम्हाला कधीच दिसत नाहीत. अर्जातून आलेला मजकूर न गाळता पानावर छापणारा कोड तुम्ही तपासाल तेव्हा अगदी बरोबर चालेल, कारण तुम्ही अर्जात आपले नाव लिहाल, दुष्ट हेतूने लिहिलेला कोड भरणार नाही. कागदपत्र जोडण्याच्या सोयीचे तर विशेषच. फाइल कोणत्या प्रकारची आहे याची कसून तपासणी नसेल, तर कोणीतरी कागदपत्राऐवजी पीएचपीची फाइल चढवतो, तिचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडतो आणि तुमच्या सर्व्हरवर हवे ते चालवतो. तपासणी नीट असली तरी जोडलेले कागद अपलोड्सच्या उघड्या फोल्डरमध्ये पडत असतील, तर ज्याला पत्ता कळेल त्याला सभासदांची ओळखपत्रे पाहता येतील. तुमच्या चाचणीत अर्ज गेला, कागद जोडला गेला, ईमेल आला आणि सगळे यशस्वी झाले असेच दिसेल. चालते आहे एवढ्यावरून ते सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, आणि ही सुरक्षितता पाहण्याची नजर अभ्यासानेच येते. चुकीचा रंग संस्थेला थोडा अवघडल्यासारखे करील, पण इथली चूक ज्यांनी विश्वासाने कागद दिले त्या माणसांना भोगावी लागेल. पैसे घेणे, लॉगिन, पासवर्ड आणि लोकांची माहिती साठवणारी कोणतीही गोष्ट मी याच गटात धरतो.

निरुपद्रवी वाटणारे सीएसएसही कधी कधी या गटात येते. एखादा मजकूर सीएसएसने लपवला तर तो डोळ्यांना दिसत नाही, पण पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये कोणालाही उघडून पाहता येणाऱ्या पानाच्या कोडमध्ये, जसाच्या तसा असतो. फक्त सभासदांसाठी असलेले दूरध्वनी क्रमांक अशा रीतीने ‘काढून टाकलेले’ मी एकाहून अधिक साइटवर पाहिले आहेत.

यातले काय तुमच्यावर अवलंबून आहे, हेही सांगितले पाहिजे. तुमच्याकडे तालमीची प्रत असेल, तिच्यावर आधी सगळे करून पाहण्याची शिस्त असेल आणि साइट अर्धा दिवस बंद राहिली तरी कोणाचे अडत नसेल, तर तुम्ही पुष्कळ मोकळेपणाने शिकू शकता, आणि शिकावे असे मला मनापासून वाटते. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त परवान्याखाली दिले जाते, ते बदलण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि मी ओळखतो त्यातले कित्येक चांगले डेव्हलपर एखादी तळाची ओळ बदलण्यापासूनच सुरुवात केलेले आहेत. उलट साइटवर रोज नोंदणी किंवा देणग्या येत असतील आणि ती सांभाळणारे तुम्ही एकटेच असाल, तर ज्यातली चूक तत्काळ दिसेल असा बदलही वर्दळ कमी असेल त्या वेळी आणि हाताशी मदत असताना करावा.

कोड नको म्हणून प्लगइन शोधणाऱ्यांना मी नेहमी आठवण करून देतो की प्लगइन बसवणे म्हणजेही आपल्या साइटचा कोड बदलणेच आहे, फक्त तो दुसऱ्याने लिहिलेला असतो. त्याचे शेवटचे अपडेट केव्हाचे आहे आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारींना उत्तरे मिळतात का, हे पाहूनच ते घ्यावे. हल्ली पुष्कळ जण एआयकडून कोड लिहून घेतात. प्रत्येक ओळ काय करते हे त्याच्याकडून समजून घेण्यासाठी त्याचा चांगला उपयोग होतो. परंतु तुमच्या साइटवर आणखी काय काय बसवलेले आहे हे सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही, त्यामुळे त्याने दिलेला तुकडाही वरच्या तिन्ही प्रकारच्या चुकांच्या कसोटीला लावूनच घ्यावा.

आता तुमच्या तीन कामांकडे येतो. तळाच्या ओळीसाठी आधी थीमच्या सेटिंग्ज पाहा, तिथे सोय नसेल तर चाइल्ड थीममधून बदल करा. लेखकाचे नाव नुसते नजरेआड करायचे असेल तर सीएसएसची एक ओळ पुरेल, पण लिहिणाऱ्यांची नावे उघड होऊ नयेत असा हेतू असेल तर ती पुरणार नाही, कारण नाव सोर्समध्ये आणि लेखकाच्या पानावर राहीलच. मग ते काम जाणकाराकडे जाते. बदल केल्यावर साइट उघडताना लॉगआउट करून, खासगी खिडकीत आणि मोबाइलवरही पाहा, आणि त्याआधी कॅशे (पान लवकर उघडावे म्हणून साठवलेली जुनी प्रत) रिकामा करा. कॅशेमुळे बदल दिसत नाही म्हणून तोच बदल चार वेगवेगळ्या प्रकारे चार ठिकाणी केलेल्या साइट मी निस्तरल्या आहेत.

नोंदणी अर्जाचे काम बाहेर देताना, जोडलेले कागद कुठे साठवले जातील, ते कोणाला उघडता येतील आणि किती दिवसांनी पुसले जातील, हे तीन प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी लेखी विचारा. काम संपल्यावर कोणत्या फाइलींत काय बदलले याची यादी मागा आणि गाभ्यातल्या किंवा मूळ थीमच्या फाइलींना हात लागलेला नाही याची खात्री करून घ्या, कारण ही चूक कोडिंग येणारेही घाईत करतात. ती यादी बॅकअपशेजारी ठेवा आणि त्याखाली तुम्ही स्वतः केलेले पहिले दोन बदलही लिहा.